दीड सेंटीमीटर

इंजिनाच्या आवाजाला आम्ही भीत नाही. खाडीत दिवसभर इंजिनं येत-जात असतात. बर्फाची होडी, नर्सबाईची होडी, नौदलाची, पोरांची. जाणारं इंजिन म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी संकट. भीती वाटते ती इंजिन जवळ येऊन बंद झालं की.

त्या मंगळवारी ओहोटीला आम्ही अकरा जणी कांदळवनात होतो. मांडीपर्यंत चिखल, कांदळाच्या मुळांमध्ये खांद्यापर्यंत हात घातलेले, काळ्या शिंपल्या चाचपत होतो. प्रत्येकीच्या टोपलीपाशी नारळाचं सोडण धुमसत होतं, नाहीतर डास माणसाला जिवंत सोडत नाहीत. नुबिया तिच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होती आणि आम्ही पोट धरून हसत होतो. इतक्यात एक इंजिन आलं, आणि आमच्यासमोर येऊन बंद झालं. नुबियाचं घोरणंही बंद झालं.

होडीत चौघे होते. आम्ही त्यांना ‘पोरं’ म्हणतो. टोळीचं खरं नाव घ्यायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे, आणि तसंही निम्म्यांच्या मिशा अजून फुटायच्या असतात. पुढे बसलेल्याला मी ओळखलं. त्याला सगळे तातो म्हणत. दोन महिन्यांपूर्वी आलेला नवा म्होरक्या, पंचविशीच्या आतला, गालावर मुरमांचे डाग, बोलणं हळू.

त्यानं एका झाडाकडे बोट दाखवलं. खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा होता आणि पट्ट्याच्या वर आकडा, सतरा.

“हे कुणी केलं?”

आम्ही आपापल्या टोपल्यांकडे बघत राहिलो.

“काकी, तुम्हालाच विचारतोय. तुम्हीच सगळ्यात म्हाताऱ्या दिसता.”

“बावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे,” मी म्हणाले. भीतीनं माझी जीभ अशीच वेडीवाकडी चालते.

“मग बावन्न वर्षांत एवढं कळलं असेल, की या खाडीत झाडावर खूण करायची नसते.”

कळलं होतं हो. चांगलं कळलं होतं. आमच्याकडे झाडावर खूण असली तर ती दोनपैकी एका कारणासाठी असते. कुणीतरी तिथं काहीतरी लपवलेलं असतं, नाहीतर ते लपवलेलं पकडायला येणाऱ्यांसाठी कुणीतरी वाट दाखवून ठेवलेली असते. म्हणून तर रंगाचा डबा उघडायच्या आधी आम्ही परवानगी घेतली होती. तेव्हा इथं काणा म्हणून म्होरक्या होता. आमच्या गावपंचायतीचे एलादिओकाका स्वतः त्याच्याकडे जाऊन बसले, तीन कप कॉफी प्याले आणि त्याला सगळं समजावून आले. शहरातली एक संस्था आहे, ती आम्हाला कांदळ न तोडल्याबद्दल आणि नवं लावल्याबद्दल मदत देते. झाडं वाढतात की नाही हे बघायला ती दरवर्षी मोजावी लागतात, म्हणून पट्टे आणि आकडे. काणा म्हणाला, मोजा. आम्ही एकशे चाळीस झाडं मोजली. त्याच्या बदल्यात उन्हावर चालणारी बर्फाची खोली आली. आमच्या शिंपल्या त्याच दिवशी मिळेल त्या भावाला फुंकायची वेळ संपली, आणि डिझेलच्या पिंपासाठी पोरांच्या पाया पडणंही संपलं.

मग एक दिवस काणा नाहीसा झाला. कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे सरहद्दीपलीकडे गेला. त्याच्या जागी तातो आला. आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की जाऊन पुन्हा विचारावं. परवानगी बंदुकीची नसते, माणसाची असते. माणूस गेला की तीही गेली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आम्ही बर्फाच्या आनंदात ते विसरलो.

“शेवटचं विचारतो,” तातो म्हणाला.

“मी लिहिलंय ते.”

आर्लेदीचा आवाज. आमच्यात सगळ्यात टोकाला ती होती, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत वही आणि मोजपट्टी घेऊन. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून मीच वाढवली. मला मूल नाही. जे काही आहे ते हीच. संस्थेच्या लोकांनी तिलाच मोजायला शिकवलं होतं, आणि दुसऱ्या वर्षाची मोजणी तिनं त्याच आठवड्यात सुरू केली होती. मला वाटलं, चिखलातून जावं आणि तिच्या थोबाडीत द्यावी. गप्प बसली असती तर मी म्हणाले असते ना, की मी केलं.

तातोनं वही मागून घेतली. पानं उलटली.

“सतरा, त्रेचाळीस. अठरा, एकसष्ट. एकोणीस, अडतीस. हे काय आहे? पिंपं? होड्या?”

“पहिला झाडाचा नंबर. दुसरा घेर, सेंटीमीटरमध्ये.”

“झाडाचा घेर कशाला पाहिजे?”

“झाड किती वाढलं ते कळतं. जेवढं वाढलं, तेवढा धूर त्यानं गिळला. शहरातल्या गाड्यांचा, कारखान्यांचा.”

होडीतला एक जण हसला. “म्हणजे धूर ते सोडणार, गिळणार आपली झाडं, आणि मोजणार ही बया.”

“हो, तसंच,” आर्लेदी म्हणाली. तिला कुणी टोमणा मारला तरी ती तो प्रश्न समजून उत्तर देते.

तातो हसला नाही. “अशाच एका वहीमुळे माझी सहा माणसं नौदलानं नेली. त्यातही नुसते आकडेच होते. त्या पोरानंही मला असंच काहीतरी सांगितलं होतं. मासे मोजतो म्हणाला.” त्या पोराचं पुढे काय झालं हे त्यानं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

त्यानं आर्लेदीला होडीत बसवलं. तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण ती मान हलवून उत्तर देताना दिसली. मग तो मोजपट्टी आणि वही घेऊन चिखलात उतरला, आणि होडी तिला घेऊन वळणापलीकडे गेली. तिथं इंजिन बंद झाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बाकीच्या बायकांना त्यानं होत्या तिथंच बसायला सांगितलं. नुबिया मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली, तर त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती ओठातल्या ओठात म्हणू लागली.

“चला काकी. तुम्ही मोजायचं. वहीतला आकडा मी वाचतो, पट्टीवरचा तुम्ही दाखवा.”

मोजून काय निघालं तर काय होईल, हे त्यानं सांगितलं नाही. आमच्याकडे ते सांगावं लागत नाही.

सतरा नंबरच्या झाडापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वहीतला आकडा गेल्या वर्षीचा आहे. झाड काही वर्षभर झोपून राहिलेलं नाही. ते वाढलंय, वाढावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. आता पट्टीवर त्रेचाळीस येणार नाही. आणि आकडा जुळला नाही तर माझी पोर गेली. त्याला समजावून सांगावं असं एकदा मनात आलं, पण जो माणूस बंदूक घेऊन आकडे जुळवायला निघालाय त्याला ‘आकडा जुळणार नाही, पण तरी ती खरीच आहे’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून मी लबाडी केली. कांदळाचं खोड वर जाईल तसं बारीक होत जातं. त्याच्याकडे पाठ करून मी झाडाला मिठी मारली, पट्टी पट्ट्यापासून वीतभर वर सरकवली आणि सालीत रुतेपर्यंत ओढली. त्रेचाळीस आले. पट्टी तशीच चिमटीत धरून मी पुन्हा पट्ट्याजवळ आणली आणि त्याला दाखवली.

“त्रेचाळीस,” मी म्हणाले.

त्यानं पाहिलं. वहीतलं बोट पुढच्या ओळीवर नेलं. अठराव्या झाडाला मी तेच केलं. एकसष्ट. दोन्ही जुळले, आणि माझ्या छातीत जरा हवा गेली. एकोणिसाव्याकडे वळले तर त्यानं वही मिटली.

“तिथं होडीत मी पोरीला विचारलं, आकडे जुळतील का,” तो म्हणाला. “ती म्हणाली, एकही जुळणार नाही. प्रत्येक झाड एक-दोन सेंटीमीटर जास्तच भरेल. म्हणाली, जुळले तर समजा मी खोटी.”

माझ्या या हातांनी मी माझ्या पोरीला खोटं ठरवलं होतं. तातोनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला हात वर नेला, आणि ती शीळ कशासाठी आहे हे मला आजही ठाऊक नाही, पण मी त्याचा हात धरला. बंदूकवाल्याचा हात धरला मी.

“मी फसवलं,” मी म्हणाले. “मी पट्टी वर सरकवली. ती खरी आहे, मी खोटी आहे. मला वाटलं, जुळलं नाही तर तू तिला मारशील. तू मोज. पट्ट्यावर ठेवून तू स्वतः मोज, माझ्यावर विश्वास ठेवू नको.” नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चिखलाचे, पुसायलाही येईना.

त्यानं आपला हात सोडवला. मग बंदूक पाठीवर टाकली, कारण कांदळाला मिठी मारायला दोन्ही हात लागतात, आणि सतराव्या झाडाला पट्टी लावली. पट्ट्यावर, नीट.

“साडेचव्वेचाळीस.”

मग अठरावं. साडेबासष्ट. एकोणिसावं, चाळीसला थोडं कमी. भरती सुरू झाली होती, पाणी चिखलावर चढत होतं, तरी तो थांबेना. विसावं, एकविसावं. बाविसाव्याला येईपर्यंत तो मला विसरला होता. “हे बघा काकी, हे तर दोननं वाढलंय,” तो म्हणाला. उंची मोजून घेणाऱ्या पोरासारखा त्याचा आवाज झाला होता. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी आणखीच घाबरले. या लोकांना एखादी गोष्ट आवडली की ती ते मागत नाहीत.

त्यानं शीळ घातली. होडी आली. आर्लेदी जशी गेली होती तशीच बसलेली होती, फक्त ओठ पांढरे पडले होते. तातोनं वही तिच्या हातात दिली.

“माझ्याकडे हिशोब लिहिणारा आहे, तो चोर आहे की मूर्ख हेच मला कळत नाही,” तो म्हणाला. “तुझ्यासारखं सरळ लिहिणारं कुणीतरी पाहिजे. शनिवारी उधाणाची भरती आहे, तेव्हा येतो. कपडे बांधून ठेव.” आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, “झाडांचं चालू द्या. माझी हरकत नाही.”

होडी गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते काय असतं, ते मला त्या चिखलात उभं राहून कळलं.

दुपारी गावपंचायत बसली. एलादिओकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बोलले.

“पळवलीस तर गावावर येईल, ओर्फेलिना.”

“आणि नाही पळवली तर तिच्यावर येईल,” नुबिया म्हणाली. “हिशोब लिहायला नेलेली पोरगी नुसता हिशोब लिहिते, असं कुठं ऐकलंत तुम्ही?”

“मी एवढंच म्हणतो, की परवानगी मिळालीय. बर्फाची खोली वाचलीय. चाळीस घरं आहेत या गावात.”

“मग तुमची नात पाठवा,” मी म्हणाले. “तिलाही आकडे येतात.”

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. वाईट माणूस नाही तो. तो जे म्हणत होता ते खरंच होतं, म्हणूनच मला त्याचा इतका राग आला. पण संध्याकाळी भाजलेली केळी घेऊन तेच आमच्या दारात आले आणि हळूच सांगून गेले की गुरुवारी दुपारी बर्फाची होडी तुमाको शहराला जाते, पोत्यांच्या खाली एका माणसाची जागा होते, आणि नावाडी त्यांचा भाचा आहे.

आर्लेदी ऐकायला तयार नव्हती.

“मी नाही जाणार. एकशे अठरा झाडं मोजायची राहिलीत.”

“मी मोजीन.”

“तू?” ती म्हणाली. “तू पट्टी वर सरकवशील.”

सकाळपासून आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता ती रडायला लागली. लहानपणी तापात रडायची तशी, आवाज न करता. मी तिला पोटाशी धरलं. मला तिला सांगायचं होतं की सगळं ठीक होईल, पण त्या दिवसापुरतं माझं खोटं बोलणं संपलं होतं.

गुरुवारी ती शिंपल्यांच्या पोत्यांखाली गेली. वरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. धक्क्यावर पोरांचा एक माणूस केळी खात उभा होता, म्हणून मला हातही हलवता आला नाही. मी नावाड्याशी शिंपल्यांच्या भावावरून भांडत राहिले. होडी सुटेपर्यंत भांडत राहिले. त्या भांडणातला माझा आवाज तिला खाली ऐकू येत असेल, एवढंच मला बरं वाटत होतं.

शनिवारी मी धुतलेला झगा घातला. मरायचंच असेल तर मळक्या कपड्यात नको, असा विचार केला होता. धक्क्यावर मी एकटीच उभी होते. बाकी गावात कोंबडीसुद्धा बाहेर दिसत नव्हती. इंजिन आलं आणि बंद झालं.

“कुठाय?” तातोनं विचारलं.

“गेली.”

“कुणी पाठवली?”

“मी. गावात कुणाला माहीत नव्हतं.”

तो धक्क्यावर चढला. माझ्याइतकाच उंच होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणाला, तहान लागलीय. मी घरात जाऊन गुळपाणी आणलं. त्यानं उभ्या उभ्या प्यायलं, पेला परत दिला, तोंड पुसलं.

“मी असेपर्यंत तिनं या खाडीत पाऊल टाकायचं नाही,” तो म्हणाला. “टाकलं तर मी विचारायला येणार नाही.” होडीत उतरल्यावर त्याला आणखी काहीतरी आठवलं. “झाडं मोजत जा. मी असेपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नाही.”

या गोष्टीला सात महिने झाले. उरलेली एकशे अठरा झाडं मी मोजली, पट्ट्यावर पट्टी ठेवून, आणि नुबियानं लिहिली. पाच मेली, बाकी सगळी वाढली. संस्थेनं वही पाहून बर्फाच्या खोलीला आणखी दोन पत्रे दिले, उन्हावर वीज करणारे. आर्लेदी तुमाकोला एका बाईकडे राहते, मासे साफ करते, दर रविवारी फोन करते. दर रविवारी मी तिला म्हणते, अजून नको.

गेल्या पंधरवड्यात खाडीच्या वरच्या अंगाला तीन तास गोळीबार झाला. दुपारी बातमी आली, तातो गेला. मी चुलीवर नारळाचा भात ठेवत होते. माझा पहिला विचार हा होता की तिची खाट उन्हात टाकायला हवी. माणूस मेल्याची बातमी ऐकून मला एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यात नुबिया धावत आली. तोंडचं पाणी पळालेलं, वही पदराखाली धरावी तशी झग्यात लपवलेली.

“आता नवीन येईल,” ती म्हणाली. “वही जाळू का? या वेळी अक्षर माझं आहे, ओर्फेलिना. या वेळी ते मला नेतील. माझी तीन लहान आहेत.”

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. आर्लेदी. तिलाही कळलं होतं. “मावशी, खरं का? मी येऊ?”

एका हातात फोन, समोर नुबिया. मी म्हणाले, “थांब. नीट कळू दे.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही चिखलात होतो. कुणी गात नव्हतं, बोलत नव्हतं. इंजिन आलं. होडीत पुढे तातो बसला होता, दंडाला फडकं बांधलेलं, जिवंत. त्यानं हात वर केला. मीही केला. नुबियानं तर चिखलातच क्रूसाची खूण केली. इंजिन बंद झालं नाही, पुढे निघून गेलं, आणि तो जिवंत आहे म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी बावन्न वर्षांत कशाचीच वाटली नव्हती.

घरी येऊन हात धुतले आणि आर्लेदीला फोन लावला.

“तो आहे,” मी म्हणाले.

तिकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “बरं.”